ऊन लागलेला प्रोसेसर

अधिक महिन्यात जावयाला विष्णूचा मान असतो. मुकेश भाऊजींना तो बाकीच्या महिन्यांतही असे. फरक इतकाच, की अधिकात तो सासुरवाडीकडून मिळे आणि एरवी ते तो स्वतःच स्वतःला देत.

भाऊजींचं हिंगणघाटला कूलरचं दुकान होतं. उन्हाळ्याचे चार महिने ते कूलर विकत आणि उरलेले आठ महिने मतं वाटत. थंड करणं हा आपला धंदा, तेव्हा जगातल्या कुठल्याही गरम वस्तूबद्दल शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मोटारसायकलचं इंजिन, फ्रीजची मागची जाळी, सासऱ्याचं ब्लडप्रेशर, सगळ्यांवर त्यांचा एकच इलाज होता: समोरून हवा द्या, वरून पाणी सोडा. त्यांच्या धाकट्या साळीला, दामिनीला, त्यांच्याकडे बघून दर वेळी प्रश्न पडे की आपल्या स्वीटीताईनं या माणसात काय पाहिलं. मग तिला आठवे की ताईनं काही पाहिलंच नव्हतं, बाबांनी पाहिलं होतं. आणि बाबांनीही दुकानच पाहिलं होतं.

यंदाचा धोंड्याचा महिना मे-जूनच्या सांध्यावर आला. अल्लीपुरात सकाळी दहालाच कुत्री नालीत उतरून बसत आणि माणसं त्यांच्याकडे हेव्यानं बघत. अशा दिवसांत पुरण, वडे, कढी आणि अनारसे एकाच बैठकीत खाऊन जिवंत राहणारा प्राणी म्हणजे जावई. त्याला जेवायला बोलावण्यासाठी दामिनीच्या आईनं, अन्नपूर्णाबाईंनी, जो रविवार काढला, नेमका त्याच रविवारी दुपारी एक वाजता दामिनीची निवड चाचणी होती. धोंडा पुढच्या रविवारी ठेवता येईल का, असं तिनं विचारून पाहिलं. आईनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पोरगी दिवाळी श्रावणात घ्या म्हणाली.

चाचणी पुण्याच्या एका संघाची होती. पाच विरुद्ध पाच, बंदुकांचा खेळ, दोन सामने. निवड झाली तर पुण्यात राहायचं, संघाबरोबर सराव करायचा आणि खेळण्याचा पगार घ्यायचा. नियम दोनच. खेळाडूचं बोलणं ऐकायचं असल्यामुळे माईक सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडा ठेवायचा. आणि जो मध्येच बंद पडेल, त्याला पुन्हा बोलवायचं नाही. लक्ष्मणरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, लेकीला एक संधी दिली होती. एकडाव पाह्यून घे, नाई जमलं तं बी.एड., असं ते म्हणाले होते. दामिनीनं बी.एड. झालेली माणसं जवळून पाहिली होती. त्यामुळे एकडाव जमवणं किती गरजेचं आहे हे तिला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

कॉम्प्युटर तिचा स्वतःचा होता. तीन वर्षं नववी-दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवून तिनं एकेक भाग जमवला होता. एका बाजूला काच, आत तीन पंखे, माथ्यावर गरम हवा बाहेर टाकायची जाळी. घरात त्याला गेमचं मशीन म्हणत, आणि ते बैठकीत होतं, कारण इन्व्हर्टरचा प्लग फक्त तिथं होता. मे लागल्यापासून आईनं त्याच्या माथ्यावर एक कांदा ठेवला होता. उन्हात निघणाऱ्या माणसाच्या खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, मग मशीनलाही लागू नये, एवढा साधा विचार. दामिनीनं तो जाळीवरून कोपऱ्यात सरकवला आणि राहू दिला. कांद्याशी तिचं भांडण नव्हतं. कांदा मत देत नव्हता.

रविवारी भाऊजी स्वीटीताईला घेऊन अकराला आले. बैठकीत दिवाणावर बसले, पन्ह्याचा ग्लास हातात घेतला आणि साळीकडे पाहिलं. ती हात गरम करायला एक फेरी खेळत होती. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लुकलुकत होता.

"हे अठ्ठ्याहत्तर काय हाय?" भाऊजी म्हणाले.

दामिनीनं चूक केली. खरं सांगितलं. "टेंपरेचर."

"कोनाचं?"

"प्रोसेसरचं. कॉम्प्युटरचं डोकं समजा."

भाऊजींनी ग्लास खाली ठेवला. दुकानात गिऱ्हाईक स्वतःहून फसायला आलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी शांती पसरे, ती पसरली. "मामाजी, ऐकलं का? भाहेर पंचेचाळीस हाय तं सरकार मोबाईलवर मेसेज पाठवते का घरात राहा. आन् याच्या डोक्यात अठ्ठ्याहत्तर. हे मशीन नाई, हे चूल हाय."

लक्ष्मणराव चष्मा सावरत आले. अन्नपूर्णाबाई बेसनाच्या हातानं आल्या. स्वीटीताई आली आणि नवऱ्याकडे बघून परत गेली. तिनं हा कार्यक्रम घरी पुष्कळदा पाहिला होता.

मग दामिनीनं समजावून सांगितलं. तिनं दहावीच्या पोरांना वर्गसमीकरणं समजावली होती, त्यामुळे तिला आशा होती. प्रोसेसर म्हणजे माणूस नाही, असं तिनं सांगितलं. नुसता बसला असताना तो चाळीस-पन्नासवर असतो. खेळ सुरू झाला की सत्तर, ऐंशी, ऐंशीच्याही थोडा वर, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. काम वाढलं की आकडा एका क्षणात दहानं उडी मारतो आणि तसाच खाली येतो, त्यालाही घाबरायचं नसतं. पंच्याण्णवच्या पुढे गेला तर तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि तरी नाही भागलं तर जळायच्या आधी स्वतः बंद पडतो. तशी त्याची घडणच आहे.

"सांगते कोन?"

"बनवनारी कंपनी."

"कंपनी कोनती? बर्फातली. त्याइले अल्लीपूरचा मे काय मालूम?"

भाऊजींच्या बोलण्यात अर्धा दाणा खरा निघाला होता आणि अशा प्रसंगाची दामिनीला सवय नव्हती. खोलीची उष्णता प्रोसेसरच्या आकड्यात मिसळते, हे खरंच होतं. जानेवारीत खोली सत्तावीसवर असताना हाच खेळ चौसष्ट दाखवत होता. आज खोली एक्केचाळीस होती, म्हणून अठ्ठ्याहत्तर. इकडे चौदा वाढले, तिकडे चौदा वाढले. हे तिनं सांगितलंही. पण भाऊजींनी त्यातलं आपलं तेवढं उचललं आणि बाकी पानात टाकलं.

इलाज ठरला. ओसरीतला कूलर ओढत बैठकीत आणायचा, मशीनची काच काढायची आणि वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा सरळ आत सोडायची. तासभर खेळलं की अर्धा तास आराम. भाऊजी बाह्या सारू लागले.

अल्लीपूरच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की कूलरच्या समोरच्या भिंतीवर दर उन्हाळ्यात पांढरी खपली धरते. घरातला आधीचा टीव्ही त्याच कूलरसमोर ठेवून वारला होता, आणि तेव्हाही त्याला गरमी झाली असंच निदान झालं होतं. दामिनीनं बाबांकडे पाहिलं. बाबांनी भुवयांनी सांगितलं की आज धोंडा आहे, आज जवाई म्हणतील ती पूर्व. आईनं भुवयांचा खर्चही केला नाही. "जवायाच्या शब्दाले आज नाई म्हनू नोको माय," ती म्हणाली.

चाचणीला तास उरला होता. दामिनीनं विचार केला आणि गोड आवाजात म्हणाली, "भाऊजी, तुमचं बराबर हाय. कूलर राहू द्या, याच्यात थंडं करायची सेटिंग हाय. तुमी म्हनलं म्हनून लावून पाह्यतो. दोन मिनटं द्या."

भाऊजींना साळीनं आजवर कधी बरोबर म्हटलं नव्हतं. ते मागे टेकले.

आकडा दाखवणाऱ्या त्या प्रोग्रॅममध्ये आकड्यात बेरीज-वजाबाकी करायची एक सोय असते. मोजणीत फरक पडत असेल तर दुरुस्त करायला ती दिलेली आहे. दामिनीनं तिथं उणे एक्केचाळीस लिहिलं. कोपऱ्यातला अठ्ठ्याहत्तर गेला आणि सदतीस आला.

"सदतीस," लक्ष्मणराव वाचून म्हणाले. "म्हंजे मानसाएवढं."

"ताप नाई," आई म्हणाली आणि मोकळ्या मनानं वडे तळायला गेली.

भाऊजींनी ग्लास उचलून उरलेलं पन्हं एका घोटात संपवलं. लक्ष्मणराव जावयाकडे अभिमानानं बघत होते. दामिनी त्या दोघांकडे बघत होती आणि महिन्याभरात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. पदवी झालेले बाबा आणि दुकानदार भाऊजी, दोघंही एका खोट्या आकड्यासमोर आरती झाल्यासारखे प्रसन्न बसले होते.

धोंड्याचं जेवण साडेबारालाच उरकलं. तेहतीस अनारशांचं ताट दिव्यासकट जावयाच्या हाती पडलं. दामिनीनं चार घास खाल्ले, कानावर हेडफोन चढवला, माईक उघडला आणि एकच्या ठोक्याला सामन्यात शिरली. तिकडे पुण्यात पियुष नावाचा प्रशिक्षक गप्प राहून ऐकत होता. पहिला सामना तिनं जवळजवळ एकटीनं काढला. कोपऱ्यात सदतीस, कधी अडतीस.

दुसरा सामना सुरू होईपर्यंत घरचे सगळे जेवून बैठकीत आले. ऊन नको म्हणून दार-खिडक्या लावल्या. पोटभर जेवलेली चार माणसं बंद खोलीत श्वास सोडू लागली की खोली दोन अंशांनी तापते, यात नवल नाही. आकडा एकोणचाळीस झाला. खरं म्हणजे ऐंशी. प्रोसेसरच्या हिशेबानं काहीच घडलं नव्हतं.

माणसाच्या हिशेबानं मात्र एकोणचाळीस म्हणजे ताप.

दामिनीला हे सुचायला हवं होतं. पण माणूस स्वतःच्या हुशारीवर खूश असला की तिचा पुढचा पत्ता तो विचारत नाही. कानावर हेडफोन, डोळे पडद्यावर. तिच्यामागे आईनं बाबांचा धुतलेला पंचा माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, चार घड्या घातल्या आणि मशीनच्या माथ्यावर, बरोबर जाळीवर, कपाळावर ठेवावा तसा अलगद ठेवला. कांदा वर ठेवला, घडी सरकू नये म्हणून.

बाहेर पडायची वाट बंद झालेली गरम हवा आतच फिरू लागली. एक्केचाळीस. आईनं घडी उलटली. पंचेचाळीस. आईनं दुसरा पंचा आणला. पन्नास. आतले पंखे असे ओरडू लागले की हेडफोनमधूनही दामिनीला ऐकू आले. कोपऱ्यात चोपन्न होतं. म्हणजे पंच्याण्णव. पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं, समोरचा गडी दिसेपर्यंत त्यानं तिला मारून टाकलं होतं. सलग दोन फेऱ्या गेल्या आणि हातातला सामना बरोबरीत आला.

तिनं मान वळवली आणि पंचे पाहिले.

"आई, काढ ते."

"काढू कशी?" आई म्हणाली. तिच्या आवाजात आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या बाईची तगमग होती. "ताप चढूनच राह्यला नं."

"मामी, घडी बदला," दिवाणावरून भाऊजी म्हणाले. "पहिली गरम झाली असन. मानूस बेचाळीसले हातचा जाते, हा तं चोपन्नवर हाय."

माईक उघडा होता. पुण्यातली मुलं बोलायची थांबली होती.

आता खरं सांगून उपयोग नव्हता. खरा आकडा पंच्याण्णव आहे असं सांगितलं असतं, तर भाऊजींनी उठून सरळ प्लग काढला असता. आजाऱ्याचा ताप उतरल्याशिवाय आई घडी काढणार नाही, हेही उघड होतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये थोडी उसंत मिळते, तेवढ्यात दामिनीनं प्रोग्रॅम उघडला, उणे एक्केचाळीस खोडून उणे अठ्ठावन्न लिहिलं आणि परत खेळात आली. कोपऱ्यात सदतीस.

"उतरला," आई म्हणाली आणि दोन्ही पंचे काढून घेतले.

पंख्यांना वाट मिळाली. चित्र सुरळीत झालं, दामिनीनं फेरी जिंकली. पुढची फेरी हरली. शेवटची राहिली. आणि इकडे प्रोसेसर, कोणाच्याही भावनांचा विचार न करता, पंच्याण्णववरून उतरत आपल्या नेहमीच्या ऐंशीवर आला. ऐंशीतून अठ्ठावन्न गेले की बावीस उरतात. बीजगणित शिकवणाऱ्या बाईनं हे आधी करून पाहायला हरकत नव्हती.

"अवं माय," आई हळूच म्हणाली. "हा तं थंडा पडून राह्यला."

लक्ष्मणराव उठून उभे राहिले. भाऊजींनी पुढे येऊन आकडा वाचला, मशीनच्या बाजूला हात लावला, मान हलवली. "ताप एकदम उतरला का असंच होते. अंदरून गारठलं. स्वीटी, गोधडी आन."

दामिनीनं हेडफोनचा एक कान सरकवला. "भाऊजी, तो आकडा खोटा हाय. मीनंच कमी केला. सकाळचा सदतीसबी खोटा होता."

तिनं मान वर केली तेव्हा भाऊजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दया होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांशी बोलतात तशा सुरात ते म्हणाले, "तुले आता काई सुचून नाई राह्यलं. तू तुयं खेळ. आमी पाह्यतो याच्याकडं."

स्वीटीताई खरंच गोधडी घेऊन दारात उभी होती. तिच्या तोंडावर काहीही भाव नव्हता. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

शेवटची फेरी सुरू झाली होती. दामिनीनं डाव्या हातानं एक कळ दाबली आणि कोपऱ्यातला आकडाच गेला.

ती कळ सकाळीही तिथंच होती. अकरा वाजता दाबली असती तर भाऊजी दोन प्रश्न विचारून पन्ह्याकडे वळले असते आणि पंचे दोरीवर वाळत राहिले असते. पण आकडा झाकला असता तर भाऊजी नुसते गप्प बसले असते. तिला त्यांना खूश होताना बघायचं होतं. स्वतःच्याच पदरचं एक्केचाळीस वजा करून हे सुख तिनं घेतलं होतं.

आईनं रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.

"गेला?" ती म्हणाली.

"नाई," दामिनी खेळता खेळता, आवाज न हलवता म्हणाली. "बरा झाला. बरा झाला का आकडा जाते."

"जाते, जाते," भाऊजी म्हणाले. "मले मालूम हाय." आणि त्यांनी गोधडी आपल्याच पाठीमागे टेकायला घेतली.

फेरीत दामिनी शेवटी एकटी उरली होती, समोर तिघं. तिनं दोघांना पाडलं. तिसऱ्यानं तिला पाडलं. सामना गेला. तिनं माईक बंद केला, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि बी.एड.चे अर्ज कधी निघतात याचा विचार करत बसली. मागे भाऊजी लक्ष्मणरावांना सांगत होते की मशीन वाचलं ते घडी वेळेवर पडली म्हणून. मामीचा हात गुणाचा आहे, पण निदान आपलं. पुढल्या हंगामात दुकानात कॉम्प्युटरचीही बाजू काढावी म्हणतो. लक्ष्मणराव हो म्हणत होते.

चारच्या सुमारास फोनवर पियुषचा संदेश आला. पुण्याची शुद्ध भाषा होती, वाक्यं लांब आणि इस्त्रीची.

त्यानं लिहिलं होतं की तिचा नेम चांगला आहे, मात्र नेम चांगला असलेली मुलं त्यांच्याकडे खूप आहेत. घरात एवढं गंभीर आजारपण चालू असताना, रुग्णाचा ताप चोपन्नवर गेल्याचं कानावर पडत असताना आणि नंतर तो थंड पडत असताना, घरचे अक्षरशः आशा सोडत असताना तिचा आवाज एकदाही कापला नाही. असं काळीज शिकवून येत नाही. त्यांनी तिला घ्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी खेळायला नको होतं, हेही त्यानं काळजीनं लिहिलं होतं. आणि शेवटी विचारलं होतं, रुग्ण आता कसे आहेत?

दामिनीनं तो संदेश दोनदा वाचला. चोपन्न अंश ताप आलेला माणूस त्या प्रशिक्षकाला खटकला नव्हता. कूलरचा दुकानदार, पदवी झालेले बाबा, पुण्याचा प्रशिक्षक, सगळे एका रांगेत बसवता येण्यासारखे होते. रांगेच्या टोकाला एक जागा रिकामी दिसत होती. तिथं कोण बसणार हे तिला कळत होतं, म्हणून तिनं तिकडे पाहिलं नाही.

तिनं बाबांना निवड झाल्याचं सांगितलं. बाबांनी भाऊजींकडे पाहिलं, कारण अजून धोंडा संपला नव्हता. भाऊजींनी विचार केला.

"जाऊ द्या मामाजी," ते म्हणाले. "मशीनची तब्येत आता ठीक हाय. पुण्यात हवाबी थंडी हाय. फक्त मामीच्या हातचा एक कांदा संगं देजा."

आईनं जुना कांदा उचलला. तो एका बाजूनं मऊ पडून भाजल्यासारखा वास मारत होता. तिनं त्या जागी नवा ठेवला. याही वेळी दामिनीनं तो जाळीवरून कोपऱ्यात सरकवला, आणि खुर्चीत बसून आकडा पुन्हा चालू केला. वजाबाकी काढून टाकली होती. मशीन नुसतं बसलं होतं, खोली तापलेली होती, आकडा बावन्न होता. अगदी नॉर्मल.

मग तिनं पियुषला उत्तर लिहिलं. "धन्यवाद सर. रुग्ण आता बरे आहेत. सदतीस."